चेहऱ्यांची उसनवारी

नटाच्या धडावरचे तोंड काढून तेथे दुसऱ्याचे तोंड बसविण्याची विद्या आता इतकी सुलभ झाली आहे की, तिजविषयी आश्चर्य वाटण्याचे दिवस गेले. आणि आश्चर्य संपले म्हणजे विचार करण्याची गरजही संपली, असा आपल्याकडे एक समज असल्यामुळे तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा कोणी फारशी करीत नाही. जी काही होते ती दोन पंथांत होते. एक पंथ भाविकांचा. त्यांस यंत्रातून जे जे निघेल ते ते प्रसादाप्रमाणे ग्राह्य. दुसरा पंथ भयभीतांचा. त्यांच्या मते आता नट नाहीसे होणार, नाटके बुडणार आणि जगात खरे असे काही उरणारच नाही. आम्हांस या दोहोंपैकी कोणत्याच दिंडीत चालावयाचे नाही. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्राच्या आडून जो एक व्यवहार चालला आहे त्याच्याशी आहे, आणि तो व्यवहार आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून ज्या निष्काळजी कौतुकाने पाहिला जातो त्याच्याशीही आहे.

आमचे एक स्नेही चित्रपटांच्या धंद्यात बरीच वर्षे आहेत. मागे एका रविवारी ते आमच्याकडे चहास आले असता त्यांनी पूर्वपक्ष मोठ्या तडफेने मांडला. त्यांचे म्हणणे असे की, चित्रपट हा मुळातच डोळ्यांस चकविण्याचा उद्योग. स्थिर चित्रे भराभर दाखवून ती हलतात असा भास उत्पन्न करणे हेच ज्याचे बीज, त्यात आणखी एका भासाची भर पडली तर सोवळे मोडले कोठे? नाटकवाले तोंडास रंग फासतात, खोट्या मिशा चिकटवितात, पुरुष लुगडे नेसून स्त्री होतो. हे सर्व तुम्हांस चालते, मग संगणकाने चिकटविलेली मिशीच तेवढी विटाळ कशी? शिवाय ज्याचा चेहरा त्याची, तो हयात नसल्यास त्याच्या वारसांची, लेखी परवानगी घेतलेली असते आणि पैसेही मोजलेले असतात. देणारा राजी, घेणारा राजी. मध्ये तक्रार करणारे तुम्ही कोण?

शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा असल्यामुळे त्याचे उत्तर आम्ही शेवटासाठी राखून ठेवतो. पहिल्या दोहोंस फाळके-घराण्याच्या साक्षीने उत्तर देता येते. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रात तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, तेव्हा दादासाहेबांनी एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस उभे केले. आणि १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम तेच आणि सीताही तेच. यात भास होता, लबाडी नव्हती. साळुंके यांनी जी सीता उभी केली ती बरी असो की वाईट असो, ती साळुंके यांचीच होती. त्यांच्याच खांद्यांनी, त्यांच्याच डोळ्यांनी ती उभी राहिली. दादासाहेबांचे १९१९ चे ‘कालियामर्दन’ ज्यांनी पाहिले असेल त्यांस त्याचा आरंभ आठवेल. कृष्णाची भूमिका त्यांची लहान कन्या मंदाकिनी हिची. कथेस प्रारंभ करण्यापूर्वी ती मुलगी साध्या वेषात आपल्यापुढे येते, आणि केवळ मुखावर नाना भाव उमटवून दाखविते. मग पाहता पाहता त्याच मुखाचा कृष्ण होतो. ज्या गृहस्थाने या देशास कॅमेऱ्याच्या युक्त्या शिकविल्या त्यास आधी खरा चेहरा दाखवावा, नंतर युक्ती करावी, असे वाटले. आमच्या स्नेह्यांच्या धंद्याचा मूळपुरुष हा असा होता.

मुखवट्याचेही तेच. कोकणात दशावतारी खेळात काळा मुखवटा चढवून संकासूर रंगमंचावर धुमाकूळ घालतो, तेव्हा पुढे बसलेल्या पोरासोरांनाही आत कोण आहे याचा पत्ता असतो, आणि नसला तर दुसऱ्या दिवशी लागतो. मुखवटा चेहरा झाकतो. तो ‘मी अमुक एक जिवंत किंवा मृत मनुष्य आहे’ असे कधी म्हणत नाही. रंग, मिशी, टोप, लुगडे यांचा धर्मही हाच. ती सारी नटाची आयुधे आहेत, तो ती स्वतः धारण करितो. नव्या विद्येत आयुध नटाच्या हाती नसते; नटच आयुध होतो.

हे कसे, ते समजण्यास या विद्येची रीत थोडी पाहिली पाहिजे. जुन्या पद्धतीत ज्याचा चेहरा हवा त्याचे साचे, छायाचित्रे व मापे घेऊन संगणकात एक पोकळ मस्तक घडवीत, आणि दुसऱ्या एखाद्या नटाच्या तोंडावर ठिपके लावून त्याच्या हालचाली त्या मस्तकास शिकवीत. नव्या पद्धतीत, जिला २०१७ पासून लोक ‘डीपफेक’ या नावाने ओळखू लागले, तीत कारागिरीची जागा आकडेमोडीने घेतली आहे. दोन माणसांची हजारो चित्रे यंत्रास चारावयाची. यंत्राचा एक भाग दोघांत समान काय ते शिकतो, म्हणजे मान किती कलली, नजर कोणीकडे वळली, ओठ किती विलगले. दुसरे दोन भाग त्या खुणांवरून एकेकाचा चेहरा पुन्हा रंगवावयास शिकतात. मग पहिल्याच्या खुणा घेऊन त्या दुसऱ्याच्या रंगाऱ्यास दिल्या की काम झाले. तपशील याहून पुष्कळ किचकट आहे. परंतु दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखीच राहते, आणि आमचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. नजर, ओठ, भुवई, श्वास, थबकणे, अडखळणे, म्हणजे ज्यास आपण अभिनय म्हणतो ते सर्व, खालच्या माणसाचे असते. वरच्याची असते ती फक्त कातडी. आणि पाटीवर नाव मात्र, आपल्या स्मरणात तरी, कातडीचे राहते.

हे आम्ही सरसकट सर्वच प्रयोगांस लावीत नाही. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये छतातून खाली लोंबणाऱ्या मुलीचे काम एका साहसी स्त्रीने केले व तिच्या तोंडावर बालनटीचे तोंड बसविले, यात कोणाचे काय बुडाले? मुलीचे हाडे मोडण्यापासून रक्षण झाले एवढेच. ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रणात १९९३ साली पिस्तुलाच्या अपघाताने ब्रँडन ली हा तरुण नट मरण पावला, तेव्हा उरलेले थोडे प्रसंग त्याच्या बदलीच्या अंगावर त्याचा चेहरा घालून पुरे करण्यात आले. ‘ग्लॅडिएटर’चे काम चालू असता १९९९ मध्ये माल्टा येथे ऑलिव्हर रीड वारले, त्यांचेही असेच. पॉल वॉकर २०१३ साली मोटार अपघातात गेला आणि २०१५ च्या ‘फ्युरियस ७’मध्ये त्याचे राहिलेले काम त्याच्या दोन सख्ख्या भावांनी उभे राहून पुरे केले, चेहरा मात्र त्याचाच. यांपैकी कोठेही आम्हांस बोट ठेवावेसे वाटत नाही. मनुष्याने काम स्वीकारले होते, अर्धे केलेही होते. मृत्यूने हात धरला म्हणून इतरांनी ते तडीस नेले. आपल्याकडे अर्धा राहिलेला ग्रंथ शिष्य पुरा करितो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु ‘द सोशल नेटवर्क’ या २०१० च्या चित्रपटाकडे पाहा. त्यात जुळ्या भावांची एक जोडी आहे. एका भावाचे काम आर्मी हॅमर याने केले. दुसऱ्या भावाचे काम जॉश पेन्स नावाच्या नटाने केले: तो चालला, बसला, बोलला, समोरच्याच्या वाक्यावर त्याने मान वळविली. नंतर त्याचे तोंड पुसून तेथेही हॅमरचेच तोंड बसविले. प्रेक्षक बाहेर पडताना म्हणाले, काय हो, एकाच नटाने दोन भाऊ किती वेगवेगळे वठविले! पेन्सने हे जाणूनबुजून पत्करले होते, आणि पडद्यावर क्षणभर एका किरकोळ माणसाच्या रूपाने त्याचा खरा चेहरा दिसतो असे सांगतात त्यात खोटे काही नाही. पण ते ‘क्षणभर’ आम्हांस फार बोचते. ज्याने साऱ्या चित्रभर काम केले त्यास स्वतःच्या तोंडाने उभे राहावयास दाराजवळची जागा मिळाली. यजमानाच्या पंगतीत राबलेल्या आचाऱ्यास मागल्या दाराने पान वाढावे, तसे हे झाले.

कोणी म्हणेल, जुळे भाऊ हवे होते, दुसरा मार्ग नव्हता. ठीक, जुळ्यांपुरते आम्ही हट्ट धरीत नाही. पण एकाच पुरुषाचे तारुण्य व वार्धक्य दाखवावयाचे असेल तेव्हा? येथे इतिहासाने जे उदाहरण देऊन ठेवले आहे तेवढे आमच्या कामाचे दुसरे कोणतेही नाही. १९७२ साली ‘द गॉडफादर’मध्ये मार्लन ब्रँडो यांनी व्हिटो कॉर्लिओनी हा म्हातारा गुन्हेगार सरदार वठविला. दोन वर्षांनी उत्तरार्ध निघाला. त्यात त्याच व्हिटोचे तारुण्य दाखवावयाचे होते. ते काम रॉबर्ट डी नीरो या फारशा नावाजल्या न गेलेल्या तरुणास मिळाले. त्याने ब्रँडोची नक्कल केली नाही. म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजाचा, संथ हाताचा उगम तरुणपणी कोठे असेल, याचा त्याने शोध घेतला. आणि एकाच पात्राच्या दोन वयांसाठी दोन निराळ्या नटांस ऑस्कर मिळाले. पैकी ब्रँडो यांनी आपले नाकारले. या नकाराचा उल्लेख पुन्हा येणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता कल्पना करा की, १९७४ साली ही विद्या निर्मात्यांच्या पदरी असती. ज्या पेढीने पैसे घातले तिने एका अनोळखी तरुणाच्या नावावर जुगार खेळला असता काय? कोणा तरी सडपातळ माणसास उभे करून त्याच्या मानेवर तरुण ब्रँडोचे मस्तक बसविले असते, जाहिरातीत ब्रँडोचे नाव मोठे छापले असते, आणि डी नीरो या नावाचा नट जगास निदान त्या वर्षी तरी मिळाला नसता. त्याऐवजी मिळाली असती एक हुबेहूब, गुळगुळीत, निर्जीव नक्कल.

आणि नियतीची थट्टा पाहा. २०१९ साली ‘द आयरिशमन’ या चित्रपटात नायकाचे तारुण्य दाखवावयाचे होते, तेव्हा ते काम कोणा नव्या तरुणास न देता सत्तरी ओलांडलेल्या त्याच डी नीरो यांच्या सुरकुत्या संगणकाने पुसल्या. चित्रपट मोठ्या योग्यतेचा आहे. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या हातून सहसा हलके काम उतरत नाही. परंतु त्यातील एका प्रसंगी हा तथाकथित तरुण बाप मुलीस ढकलणाऱ्या वाण्यास दुकानाबाहेर ओढून लाथा घालतो. तोंड चाळिशीचे; पण लाथ? गुडघा जपून, कंबर सावरून, पायरी उतरणाऱ्या आजोबांच्या बेताने टाकलेली ती लाथ पाहून आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कळवळून ‘अहो, जपून!’ असे म्हटले. शरीर खोटे बोलत नाही. पण लाथेची गोष्ट हसण्यावारी नेता येते, दुसरी येत नाही. १९७४ साली जे दार एका तरुणासाठी उघडले होते, ते पंचेचाळीस वर्षांनी बंद झाले. आणि ज्याच्यासाठी ते उघडले होते तोच आता आतून कडी लावून बसला होता. त्यास दोष देण्याचे आमच्या मनात नाही. म्हातारपणी तरुण होण्याचा मोह ययातीस आवरला नाही. मात्र ययातीने निदान पुरूचे तारुण्य उघडपणे मागून घेतले होते.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहे. २०२५ च्या ‘रेखाचित्रम्’ या मल्याळी चित्रपटात चाळीस वर्षांपूर्वीचे मामुट्टी दाखविण्यासाठी दुसऱ्या एका माणसाच्या अंगावर त्यांचे जुने मुख चढविले. ते सुबक झाले, कथेस त्याची गरजही होती, आणि खुद्द मामुट्टी यांची संमती होती. तेव्हा त्याविरुद्ध आम्ही ओरड करणार नाही. आम्हांस भीती वाटते ती पुढच्या पन्नास चित्रपटांची, ज्यांत गरज नसेल, फक्त सोय असेल. बालपणीचा अमिताभ दाखवावयास कोणी मयूर, कोणी रवी लागत असे. ती मुले आठवणीत राहिली. उद्या त्या जागी कोणी मूल लागणारच नाही असे नाही. मूल लागेल, पण बिनचेहऱ्याचे.

येथवर जिवंतांचे झाले. आता ज्या गोष्टीने आमचे मन खरोखर अस्वस्थ होते तिच्याकडे वळू.

पीटर कुशिंग हे इंग्रज नट १९९४ साली वारले. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्यांनी टार्किन या क्रूर अधिकाऱ्याचे काम केले होते. त्यांस दिलेले बूट पायास फार घट्ट होत, म्हणून पुष्कळशा चित्रणात ते पायात घरच्या सपाता घालून उभे राहिले आणि कॅमेऱ्याने गुडघ्याच्या वरच पाहावे असे त्यांनी सुचविले. एका ग्रहाचा संहार करण्याची आज्ञा देणारा तो करारी चेहरा, आणि खाली त्या मऊ सपाता! २०१६ साली ‘रोग वन’ या चित्रपटासाठी, म्हणजे मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, कुशिंग यांस पुन्हा उभे करण्यात आले. उभे राहिले गाय हेन्री नावाचे दुसरे नट. बोलले तेच, चालले तेच. तोंड मात्र संगणकाने कुशिंग यांचे दिले. वारसांची परवानगी होती, पैसे दिले होते, कायद्यास धरून सर्व काही होते. पण १९७७ च्या त्या मुद्रेत बूट चावत असलेल्या एका सभ्य म्हाताऱ्याने सोसलेपणा लपवून आणलेला ताठा होता. २०१६ च्या मुद्रेत तो कोठून यावा?

आमचे स्नेही येथे हसले व म्हणाले, सपातांवरून तत्त्वज्ञान काढता होय! काढतो. नटाची भूमिका ही त्या दिवशी, त्या देहाने केलेली एक कृती असते. १९११ साली ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्या दिवशी बालगंधर्वांच्या घरी त्यांची लहान मुलगी गेलेली होती. तशातही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही हकीकत मराठी घरांत आजवर सांगितली जाते. का सांगितली जाते? गाणे त्या दिवशी अधिक सुरेल झाले म्हणून नव्हे. त्या प्रयोगास जाण्याचे किंवा न जाण्याचे त्या माणसाच्या हाती होते, आणि तो गेला, म्हणून. उद्या कोणी बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका व छायाचित्रे यंत्रास चारून नवी भामिनी निर्माण केली, तर ती दिसावयास कदाचित सरसही असेल. पण ती कोठून आली नाही आणि कोठे जाण्याचे तिने टाळलेही नाही.

यावरून आम्ही वारसांच्या परवानगीकडे येतो. नटाच्या कर्तृत्वाचा अर्धा भाग त्याने केलेल्या कामांचा, आणि अर्धा त्याने नाकारलेल्या कामांचा असतो. ब्रँडो यांनी ऑस्कर नाकारले; गॉडफादरच्या उत्तरार्धातील एका प्रसंगासाठी त्यांस बोलाविले होते तेथेही ते गेले नाहीत. ते योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. पण ते त्यांचे होते. नट जिवंत असता निर्मात्यास सर्वांत मोठा धाक असतो तो ‘नाही’ या शब्दाचा. मेलेल्या नटाची खरी किंमत तो स्वस्त पडतो यात नाही, तो ‘नाही’ म्हणत नाही यात आहे. आणि हा ‘नाही’ वारसांस मिळत नाही. बापाचे घर मुलास मिळते, शेत मिळते, त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे उत्पन्नही मिळते. बापाने अमुक भूमिका स्वीकारली असती की नसती, हे ठरविण्याची त्याची बुद्धी कोणत्या मृत्युपत्राने मिळते? वारसाने फार तर बापाने केलेले काम पुन्हा दाखविण्यास संमती द्यावी. बापाने न केलेले काम त्याच्या नावावर चढविण्याची संमती त्याच्यापाशी नाहीच, मग तो देतो ते काय?

हे ओळखणारे शहाणे लोकही आहेत. रॉबिन विल्यम्स हे अमेरिकन नट २०१४ साली वारले. त्यांनी आधीच लेखी व्यवस्था करून ठेवली होती की, मृत्यूनंतर पंचवीस वर्षे आपल्या प्रतिमेचा व्यापारी उपयोग होऊ नये. म्हणजे २०३९ पर्यंत त्यांचा ‘नाही’ त्यांच्या मागे जिवंत आहे. आपल्याकडे असे काही कोणा नटाने करून ठेवल्याचे ऐकिवात नाही. २०२४ च्या ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या तमिळ चित्रपटात, डिसेंबर २०२३ मध्ये वारलेले विजयकांत यांस कुटुंबाच्या संमतीने पडद्यावर आणले, आणि चित्रगृहांत त्यांच्या चाहत्यांनी शिट्ट्यांनी स्वागत केले. त्या कुटुंबाच्या किंवा त्या चाहत्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. प्रेमामुळेच तर हे सर्व चालते. आमच्या परिचयाच्या एका घरी मध्यंतरी लग्न झाले. वराचे वडील तीन वर्षांपूर्वी गेलेले. स्वागतसमारंभात अचानक दिवे मालवून पडद्यावर ते वडील दाखविले. हात उंचावून त्यांनी नवदंपतीस आशीर्वाद दिला. मंडळींचे डोळे भरून आले. वराच्या आई मात्र उठून आत गेल्या. मागाहून त्या आमच्या घरच्या माणसांजवळ एवढेच बोलल्या की, ‘ते असं कधी बोलत नसत. त्यांना हे लग्नच पसंत नव्हतं.’ ज्या मुलाने हौसेने हे करविले त्याने बापाचा आशीर्वाद मिळविला नव्हता. बापाचे मत तेवढे बुजविले होते.

कायद्याची स्थिती काय, हे वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया संस्थानात मृताच्या प्रतिमेवर वारसांचा हक्क सत्तर वर्षे चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे आणखी दोन कायदे झाले. त्यांपैकी एकाने मृताची संगणकीय प्रतिकृती चित्रपटादिकांत विनापरवाना वापरणे दंडनीय नुकसानीचे ठरविले. दुसऱ्याने, जिवंत नटाकडून वकिलाच्या किंवा संघाच्या मदतीवाचून आणि उपयोग स्पष्ट न सांगता लिहून घेतलेली प्रतिकृतीची कलमे निरर्थक केली. हे आपोआप झालेले नाही. २०२३ साली १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत, ११८ दिवस, अमेरिकेतील नटसंघाने संप केला, त्यात हा एक मोठा प्रश्न होता. गर्दीतील किरकोळ नटांस एक दिवसाची मजुरी देऊन त्यांचे चेहरे टिपावे व पुढे वाटेल तेव्हा वापरावे, अशी निर्मात्यांची सूचना होती असे संघाने सांगितले. निर्मात्यांच्या मंडळाने ते नाकारले. कोणाचे खरे ते असो. शेवटच्या करारात संमती व मोबदला ही दोन्ही घालावी लागली.

आपल्या देशात चेहऱ्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये मात्र जागी आहेत. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, मुद्रा, आवाज यांस संरक्षण देताना त्यांच्या ‘झकास’ या उद्गारासही संरक्षण दिले. (आमच्या बोलीतील एक साधा शब्द न्यायदरबारी गेलेला पाहून आम्हांस अभिमान वाटावा की काळजी, हे अद्याप ठरत नाही.) २०२५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबविली. पण हे सर्व नामांकितांपुरते. ज्याच्या धडाचा उपयोग होतो त्या अनामिक नटाने कोणत्या न्यायालयात जावे? आणि मृतांविषयी दिल्लीच्याच न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये, सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात, असे हक्क मनुष्याबरोबर संपतात असे म्हटले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले ३८-ब हे कलम नटास एवढा अधिकार देते की, त्याच्या कामाचा त्याच्या लौकिकास बाध येईल असा विपर्यास कोणी करू नये. कलम चांगले आहे. परंतु ते केलेल्या कामाचे रक्षण करिते. न केलेले काम चिकटविले तर काय, हे ते स्पष्ट सांगत नाही.

त्याचा अनुभवही आला. २०१३ चा ‘रांझणा’ हा चित्रपट नायकाच्या मृत्यूने संपतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली तेव्हा हक्कदार कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेवट बदलून घेतला होता. मेलेला नायक डोळे उघडून उठून बसतो! दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला. कंपनीचे उत्तर असे की, हक्क आमचे आहेत. दोघेही जिवंत, दोघेही नावाजलेले, दोघांनीही मोठ्याने ‘नाही’ म्हटले. तरी धनुषच्या तोंडाने ते केलेच, जे त्याने केले नव्हते. जिवंताच्या ‘नाही’ची ही वाट, तर मृताच्या वतीने वारसाने दिलेल्या ‘हो’चे मोल ते काय धरावयाचे?

तेव्हा ‘तक्रार करणारे तुम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर आता देतो. आम्ही तिकीट काढणारे. व्यवहार दोघांत होत नाही, तिघांत होतो. आणि तिसऱ्यास काय विकले जात आहे हे त्यास सांगितले जात नाही. दुधात पाणी असेल तर तसे सांगून विका, आम्ही किंमत ठरवू. चित्रपटाच्या आरंभी, शेवटच्या धावत्या यादीत नव्हे, ठळक अक्षरांत लिहावे की अमक्याच्या मुखाखाली तमक्याने काम केले आहे; बक्षीस द्यावयाचे तर त्या तमक्यास द्यावे; आणि मृताने हयातीत स्वतः लिहून ठेवले नसेल तर त्यास नवी भूमिका देऊ नये. यात धंदा बुडण्यासारखे काय आहे?

स्नेह्यांस हे पटले नाही. ‘लोकांना कळत नाही, मग बिघडले काय?’ असे म्हणत ते उठले. ‘रोग वन’ त्यांनी तीनदा पाहिला आहे हे आम्हांस ठाऊक होते. दारापर्यंत पोहोचविताना आम्ही विचारले, त्यात टार्किनचे काम कोणी केले? ‘पीटर कुशिंग,’ ते पटकन म्हणाले आणि लगेच ओशाळले. आम्ही गाय हेन्री यांचे नाव सांगितले. जोडे घालता घालता त्यांनी खिशातून फोन काढला, त्या नावाचे छायाचित्र शोधले आणि जिन्यातील दिव्याखाली ते बराच वेळ निरखीत उभे राहिले.

‘अहो,’ ते म्हणाले, ‘यांना मी कोठेतरी पाहिले आहे.’